देखावा आणि चव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षांच्या या टप्प्यावर मी संस्कृती, अस्मिता अशा थोर विषयांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र जेवणाविषयी बोलणार आहे. आणि तेही उपाहारगृहातल्या.

महाराष्ट्रातून पाहुणे आले, की हवामहल आणि आमेर पाहून झाल्यावर त्यांचा पुढचा हट्ट ठरलेला असतो : "आता चोखी ढाणीला न्या." टोंक रस्त्यावर १९८९ साली उभारलेले हे खेडे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ढाणी म्हणजे आपल्याकडची वाडी, शेतातली चार घरांची वस्ती. आणि चोखी ही आपल्या 'चोख'ची सख्खी बहीण. सारवलेल्या भिंती, कंदील, कठपुतळ्यांचा खेळ, उंटावरची फेरी, कालबेलिया नृत्य आणि मग मांडी घालून पत्रावळीवरचे जेवण. अहमदाबादेत 'विशाला'ने असा प्रयोग त्याआधीच, १९७८ साली केला होता. १९८१ मध्ये त्याला जोडून जुन्या भांड्यांचे संग्रहालयही उभे राहिले.

अशा ठिकाणी चोखंदळ माणसाला एक प्रश्न पडतोच. देखाव्याला साजेसे अन्न आहे का, की नुसतेच वरून कीर्तन, आतून तमाशा?

याचे उत्तर केवळ जिभेला विचारून भागणार नाही. ते इथल्या भूमीला विचारले पाहिजे. त्या पानातला एकेक पदार्थ पाण्याच्या दुर्भिक्षाची कहाणी सांगतो. हिरवी भाजी दुर्मिळ, म्हणून बेसनाचे गट्टे. पाणी मोलाचे, म्हणून रस्सा दह्याताकात. बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजली जाते. तिला ना तवा लागतो, ना कढई. कैर आणि सांगरी वाळवून ठेवली, की वर्षभर पुरतात. सांगरी ही खेजडीची शेंग. आणि खेजडी म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून आपली शमी! दसऱ्याला जिची आपण पूजा करतो, गणपतीला जिची पाने वाहतो, तीच ही. राजस्थानने १९८३ साली तिला राज्यवृक्षाचा मान दिला.

तेव्हा अन्न आणि सजावट एकाच मातीतली आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही एक अंतर उरते. खऱ्या ढाणीत तुपाने निथळणारे दाल-बाटी-चुरमा रोज नव्हते. रोजचे जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि राबडी, अर्थात ताकातली आंबील. आपण पाहतो तो त्या वस्तीचा सणाचा दिवस. पाहुण्यासाठी सण मांडणे यात खोटे काही नाही; इथली 'मनुहार' म्हणजे आपला पंगतीतला आग्रहच. मात्र सणालाच सारे जीवन समजण्याची चूक पाहुण्याने करू नये.

बंधुभगिनींनो, आता हाच प्रश्न आपण स्वतःला विचारू या. आपल्या गणेशोत्सवात पुठ्ठ्याचा रायगड उभा राहतो, फेटे बांधले जातात, नऊवारी नेसल्या जातात. आणि पानात काय पडते? पनीर आणि नान! एके काळी आपल्या भगिनी तांदळाची पिठी घरी दळून मोदक वळत. सुटीहून परतताना ट्रंकेत आमसुले आणि गोडा मसाला येई, आणि त्यांचा वास कपड्यांना महिनाभर पुरे. आज माझ्या नातीच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे फेटा आणि लेझीम. आमसुलाच्या साराची चव तिला ठाऊक नाही. दोष तिचा नाही. ती चव तिच्यापर्यंत पोहोचवायचे काम आमचे होते, आणि ते आम्ही आचाऱ्यावर सोपवून मोकळे झालो.

परक्याच्या ढाणीत जाऊन अन्न देखाव्याशी जुळते का, हे तपासणे सोपे आहे. आपल्या मांडवात तीच तपासणी करायला थोडे धैर्य लागते. म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. वर्षातून दोन पंगती तरी आपण आपल्या हातांनी रांधाव्यात : एक सणाची, मोदकांची; आणि दुसरी साध्या पिठले-भाकरीची, म्हणजे मुलांना आपला रोजचा दिवसही कळेल. आणि दोन्ही पंगतींत डाव्या बाजूला थोडी सांगरी अवश्य वाढावी. ज्या भूमीने आपल्याला पन्नास वर्षे पोसले, तिच्या शमीचा आपल्या पानावर तेवढा हक्क आहे.

इतके बोलून मी आपली रजा घेतो.