लेसर किरणाद्वारे जमीन, हवा व पीक पाहणी

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



लेसर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना डोळ्यांची किंवा मुतखड्याची शस्त्रक्रिया आठवते. लग्नाच्या वरातीतील हिरवे-लाल झोतही आता खेडोपाडी पोहोचले आहेत. याच किरणाने चंद्रावरील डोंगरांची उंची मोजली आहे आणि याच किरणाने आपल्या एक एकराच्या तुकड्यातील दोन सेंटिमीटरचा उंचवटाही सापडतो. आज मला त्याच्या या मोजणीच्या उपयोगाविषयी बोलावयाचे आहे.

एखाद्या वस्तूला हात न लावता, दुरून, तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशावरून तिची माहिती मिळविणे याला सुदूर संवेदन म्हणतात. आपणही हे रोज करतो. बांधावर उभे राहून ऊस पिवळा पडलेला दिसला की नत्र कमी पडले किंवा पाणी साचले असा अंदाज आपण बांधतो. भारताचा आय.आर.एस.-१ए हा सुदूर संवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला. हेच काम तो आकाशातून करू लागला. मात्र अशा उपग्रहांतील कॅमेरे सूर्याच्या प्रकाशावर अवलंबून असतात. सूर्यकिरण पिकावर पडतात, हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतात. या दोहोंच्या प्रमाणावरून पीक तजेलदार आहे की सुकत चालले आहे ते समजते. लेसरच्या उपकरणाची गोष्ट निराळी आहे. ते स्वतःचा प्रकाश बरोबर घेऊन जाते, त्यामुळे रात्रीही काम करते. दिवसा पाहणारा माणूस आणि बॅटरी घेऊन पाहणारा माणूस, एवढा हा फरक आहे.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीपासून तयार केला. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पांगतो, त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो आणि दूर जाऊनही फार पसरत नाही. शिवाय तो अत्यंत लहान ठोक्यांच्या रूपाने सोडता येतो. मोजणीची सगळी युक्ती या ठोक्यात आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. ठोका सोडला, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत आला, की लागलेल्या वेळेवरून अंतर काढावयाचे. विहिरीत दगड टाकून आवाज कधी येतो यावरून खोलीचा अंदाज घेतात, तसलाच हा प्रकार. एक सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एका भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १५ सेंटिमीटरचे अंतर. एवढा सूक्ष्म वेळ मोजणारी घड्याळे असतात म्हणूनच हे जमते. या पद्धतीला लिडार असे नाव आहे.

लिडारचा पहिला मोठा उपयोग हवेच्या अभ्यासासाठी झाला. हवेतील धूळ, धूर व ढगाचे थेंब यांवरून किरणाचा थोडासा भाग परत येतो. विमानतळावर ढगाचा तळ किती उंचीवर आहे हे अशा उपकरणाने मोजतात. एक किलोमीटरवरील ढगावरून ठोका परत यावयास सेकंदाच्या दीड लाखाव्या भागाएवढा वेळ लागतो. आपल्या पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८० च्या दशकातच लेसर लिडार बसवून हवेतील सूक्ष्म कणांची पाहणी सुरू झाली होती. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याचे सूक्ष्म कण जगभर पसरले. त्यांचे थर किती उंचीवर आहेत हे अशाच लिडार उपकरणांनी मोजले. युरोपच्या एओलस उपग्रहाने २०१८ ते २०२३ या काळात लेसरने वाऱ्याचा वेग मोजला.

चांद्रयान-१ हे यान २००८ साली गेले, त्यातही चंद्राची उंची-खोली मोजणारे लेसर उपकरण होते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाश स्थानकावर २०१८ च्या अखेरीस बसविलेल्या एका लेसर उपकरणाने जंगलांची उंची मोजली. एकाच ठोक्याचा काही भाग झाडाच्या शेंड्यावरून, काही मधल्या फांद्यांवरून आणि उरलेला पानांच्या फटीतून जमिनीवर पोहोचून परत येतो. पहिल्या व शेवटच्या परतीतील फरक म्हणजे झाडाची उंची. विमानातून अशी मोजणी केली की झाडीखालच्या जमिनीचे चढ-उतारही कळतात. पाणलोट क्षेत्राच्या आखणीला हे फार उपयोगी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण रंगीत नकाशे घेऊन फिरणारे बरेच जण ती सांगत नाहीत. लेसर हाही प्रकाशच आहे. दाट ढगातून तो जात नाही. आपल्याकडे पिकाची खरी गरज जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि तेव्हाच आकाश भरलेले असते. ढगातून पाहावयाचे तर रडार लागते, त्याचे उपग्रह वेगळे. म्हणून ऐन पावसाळ्यातला तुमच्या शेताचा स्वच्छ हिरवा-पिवळा नकाशा कोणी दाखविला, तर तो कोणत्या तारखेचा आणि कोणत्या उपकरणाचा आहे एवढे जरूर विचारा.

पिकाच्या पाहणीत लेसरचा आणखी एक उपयोग आहे. हिरव्या पानावर निळा किंवा जंबुपार किरण टाकला तर पान स्वतः अंधुक तांबडा प्रकाश देते. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण उपकरणाला दिसतो. त्यात ६८५ आणि ७४० नॅनोमीटरच्या आसपास दोन शिखरे असतात. पानात हरितद्रव्य जास्त असेल तर पहिल्या शिखराचा प्रकाश पानच पुन्हा शोषून घेते. त्यामुळे दोन शिखरांच्या प्रमाणावरून हरितद्रव्य व नत्राचा अंदाज येतो. हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळा व प्रक्षेत्रापुरते आहे. त्यापेक्षा फळबागेतील उपयोग जवळचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी ओहायो राज्यात असे फवारणी यंत्र विकसित केले, की ट्रॅक्टर पुढे जात असता लेसर झाडाची उंची, घेर व पानांची दाटी पाहतो. जेथे झाड नाही तेथे नोझल बंद होतात, जेथे दाटी आहे तेथे जास्त द्रावण जाते. आपल्या द्राक्ष व डाळिंब बागायतदारांना या विषयाचे महत्त्व मी सांगावयास नको. एप्रिल छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर आणि पूर्ण विस्तार झालेल्या वेलीवर सारखेच द्रावण मारणे म्हणजे औषध जमिनीवर ओतणे होय.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा आहे त्या विषयाकडे येतो. लेसर तंत्र आपल्या शेतात प्रत्यक्ष आले आहे ते जमीन सपाटीकरणाच्या रूपाने. उत्तर भारतात पश्चिम उत्तर प्रदेशात २००१ च्या सुमारास हे यंत्र आले आणि नंतर पंजाब, हरियाणात झपाट्याने पसरले. भात-गव्हाच्या त्या पट्ट्यात साधारणपणे २० ते ३० टक्के पाण्याची बचत झाल्याचे नमूद आहे. आपल्याकडेही भाड्याने हे यंत्र देणारे लोक तयार झाले आहेत. परंतु गंगेच्या गाळाची जमीन आणि आपली मुरमावरची जमीन यांत फरक आहे, हे ध्यानात न घेता काम केले तर पदरचे पैसे देऊन जमीन नासवून घेतल्यासारखे होईल.

यंत्राची रचना सोपी आहे. शेताबाहेर तिपाईवर लेसर प्रक्षेपक ठेवतात. तो गरगर फिरून शेतावर किरणाचे एक अदृश्य छत धरतो. गवंड्याची पाणसळ एका वेळी हातभर लांबी पाहते, ही पाणसळ दोन-तीनशे मीटरपर्यंत पाहते. (तीनशे मीटरवर पृथ्वीच्या गोलाईमुळे ७ मिलिमीटरचा फरक पडतो, तो आपण सोडून देऊ.) ट्रॅक्टरमागच्या पोहऱ्याच्या काठीवर ग्राहक असतो. पोहरा उंचवट्यावर गेला की ग्राहकाला कळते, तो चालकाजवळच्या पेटीला कळवितो आणि हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडून फळी खाली जाते, माती कापते. खोलगट जागी फळी वर उचलली जाते आणि माती पसरते. चालकाने फक्त गाडी फिरवावयाची. बैलाच्या केणीने किंवा साध्या फळीने अनुभवी माणूसही नजरेच्या अंदाजाने काम करतो, येथे अंदाज यंत्राचा असतो.

याने काय साधते ते आकड्यांत पाहू. एक एकर म्हणजे ढोबळमानाने ४,००० चौरस मीटर. त्यावर एक सेंटिमीटर पाणी उभे करावयाचे म्हणजे ४० हजार लिटर. समजा शेतात उंच व सखल भागात १२ सेंटिमीटरचा फरक आहे आणि उंच जागेवर ५ सेंटिमीटर पाणी चढवावयाचे आहे. तेव्हा सखल जागी १७ सेंटिमीटर पाणी उभे राहते. सरासरी ६ सेंटिमीटर जादा, म्हणजे २ लाख ४० हजार लिटर. तासाला ३६ हजार लिटर देणारा पंप असेल तर साडेसहा तासांहून अधिक वेळ तो केवळ खड्डे भरतो. रात्रपाळीच्या विजेवर जो दारे धरतो त्याला या साडेसहा तासांची किंमत ठाऊक आहे. एवढे करूनही सखल भागातले पीक पिवळे पडते, तेथील नत्र निचऱ्याबरोबर वाहून जाते आणि काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे असे चालले की तीच जागा प्रथम खारवट-चोपण होते. आपल्या वाडवडिलांनी यावर लहान वाफ्यांचा उपाय काढला होता. वाफा जितका लहान तितका त्यातला फरक कमी. उपाय चांगला होता, पण त्यात वरंब्याखाली जमीन जाते आणि मजूर जास्त लागतो.

संपूर्ण शेत ठिबकखाली असेल तर या खर्चाची निकड बरीच कमी होते. कोकणातील लहान खाचरांत व पूर्व विदर्भातील छोट्या बांध्यांत ट्रॅक्टरला वळावयासच जागा नसते. शंभर मीटरला दोन मीटर उतार असलेल्या माळावर तर हा विचारच करू नये. तेथे समपातळीवर पेरणी करावी. हे यंत्र पाट-पाण्याच्या, फार उतार नसलेल्या, सलग शेतासाठी आहे.

काम ठरविण्यापूर्वी शेतात चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली पाहावी. मुरूम ४५ सेंटिमीटरवर असेल आणि उंचवट्यावर २० सेंटिमीटर कापणी निघत असेल, तर तेथे २५ सेंटिमीटरच माती उरते. अशा ठिकाणी संपूर्ण शेत एका पातळीत आणण्याचा हट्ट सोडून त्याचे दोन किंवा तीन टप्पे करावेत. प्रत्येक टप्पा वेगळा सपाट केला की कापणी कमी होते. कापणी टाळता येत नसेल तर वरची माती आधी बाजूला ओढून ठेवावी व खालचे काम झाल्यावर ती परत पसरावी. खर्च वाढतो, पण सुपीक थर तयार व्हावयास किती पिढ्या लागतात हे लक्षात घेता तो करावा असे माझे मत आहे. कापलेल्या भागात चुनखडीयुक्त थर उघडा पडला तर लोह व जस्ताची कमतरता दिसते. त्या भागात शेणखत जास्त द्यावे, ताग किंवा धैंचा गाडावा आणि माती परीक्षणानुसार सूक्ष्म अन्नद्रव्ये द्यावीत.

दुसरा मुद्दा उताराचा. सपाट म्हणजे शून्य उतार असे आपण समजतो. भातासाठी ते बरोबर आहे. पण काळ्या जमिनीत सोयाबीन, तूर किंवा ऊस घ्यावयाचा तर शून्य उतार घातक आहे. एक जोराचा पाऊस झाला की पाणी हलत नाही आणि वाफसा आठ-आठ दिवस येत नाही. सरीला साधारण ०.१ ते ०.३ टक्के, म्हणजे १०० मीटरला १० ते ३० सेंटिमीटर, एकसारखा उतार ठेवावा आणि खालच्या टोकाला चर काढून द्यावा. काही प्रक्षेपक फक्त समपातळीतच फिरतात, काहींना उतार देता येतो. म्हणून भाड्याचा दर विचारण्याआधी ‘तुमच्या यंत्रात उतार लावता येतो काय?’ हे विचारावे.

वेळ रब्बी पीक निघाल्यानंतरची, जमीन कोरडी व भुसभुशीत असताना. ओलीत काम केल्यास खालचा थर दाबला जातो. आधी नांगरट व कुळवाच्या पाळ्या देऊन ढेकळे फोडावीत. मोठे टेकाड साध्या फळीने आधीच ओढून घ्यावे, कारण लेसर यंत्राचे भाडे तासावर असते. एप्रिल-मेच्या भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, त्यामुळे किरणही डळमळतो. जोराच्या वाऱ्यात तिपाई हलते. सकाळी लवकर व उन्हे उतरल्यावर काम चांगले होते. प्रक्षेपक चालू असता त्याच्या काचेत टक लावून पाहू नये, मुलांना तर जवळ येऊ देऊ नये.

काम सुरू करण्यापूर्वी चालकाला दर १० मीटरवर उंची घ्यावयास लावावी आणि ते आकडे वहीत उतरवून घ्यावेत. सर्व आकड्यांची बेरीज करून नोंदींच्या संख्येने भागले की सरासरी पातळी निघते. कोठे किती कापावयाचे ते त्यावरून तुम्हालाही दिसते. भरलेली माती दबते, म्हणून कापणी भरणीपेक्षा काहीशी जास्त धरतात. काम संपल्यावर त्याच जागांच्या उंच्या पुन्हा घ्याव्यात. ठरविलेल्या पातळीपासून एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या जागी पुन्हा फेरी मारून घ्यावी आणि मगच हिशेब करावा. भरणीची जागा पहिल्या पाण्याला खचते, शिवाय काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. म्हणून तीन-चार वर्षांनी हलकी फेरी लागेल. तेव्हा आजची वही कामास येईल, ती जपून ठेवा.