ब्रेक वाजतायत? आधी ऐका, मग पाना उचला

आजचा विषय सेकंड हँड गाडी घेतलेल्या सगळ्यांसाठी : ब्रेकचा आवाज.

सांगलीच्या माझ्या मामांनी आठ वर्षं जुनी हॅचबॅक घेतली. महिन्याभरात पुढच्या डाव्या चाकातून किर्रर्र सुरू झालं. एका गॅरेजवाल्यानं न उघडताच सांगितलं, "चारी चाकांचं काम करा, डिस्कसकट." मामांचा मला साताऱ्यात फोन : "तू इंजिनियर ना? सांग, करू का?" मी म्हटलं, "मामा, थांबा. रविवारी येतो, आधी ऐकूया."

आता मी कोड लिहिणारा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण बग शोधायची पद्धत इथंही तीच. आवाज कधी येतो, कुठून येतो, कशानं बदलतो, हे आधी लिहून काढायचं.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आणि मग गायब? डिस्कवर रात्रीत आलेला हलका गंज आहे, सोडून द्या. बारीक, शिट्टीसारखा किर्रर्र, तोही रोज? बऱ्याच पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ती मुद्दामच तशी बसवलेली असते. जाड घर्रर्र, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा? पॅडचा मसाला संपलाय, गाडी तिथंच थांबवा. ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरतं? डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. आणि ब्रेक न मारताही घूं घूं येतंय, वळणावर कमी-जास्त होतंय? मग संशय ब्रेकवर नको, व्हील बेअरिंगवर घ्या.

आपल्याकडचा एक खास प्रकार म्हणजे ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर पडलेली माती आणि खडी. एखादा खडा डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकला की असा आवाज होतो, की वाटावं चाकच निखळतंय. खडा काढला की शांत.

मामांच्या गाडीचं चाक उतरवलं. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकशिवाय खाली मजबूत स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही. डाव्या बाजूचा आतला पॅड जेमतेम २ मिलिमीटर, बाहेरचा ६. उजवीकडे दोन्ही ६. इथंच उत्तर मिळालं. कॅलिपर दोन पिनांवर पुढं-मागं सरकतो, तेव्हाच दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. एक पिन गंजून जाम झाली होती, म्हणून आतला पॅड एकटाच झिजत होता. नुसते पॅड बदलले असते तर काही महिन्यांत तोच आवाज परत आला असता.

मग ओळखीच्या फिटरकडे नेऊन पिन साफ केली, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं, फाटलेला रबर बूट बदलला आणि पुढचे पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. पॅड कायम जोडीनं बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. डिस्क मोजली. कमीत कमी जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. आपली त्याच्या वर होती, म्हणून ठेवली. मागच्या ड्रममधली धूळ साफ केली, लायनर ठीक होते. चार चाकांचं काम एका चाकाच्या पिनवर आणि एका पॅड सेटवर आलं.

तीन गोष्टी विसरू नका. ग्रीस किंवा तेल पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला अजिबात लागू द्यायचं नाही. ब्रेकची धूळ हवेनं उडवायची नाही, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, नाहीतर पहिल्या ब्रेकला पाय थेट तळाला जाईल.

आता कुणी म्हणेल, आवाजच तर आहे, एवढं काय? पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. एक टनाच्या गाडीची ही ऊर्जा पंधरा-सोळा लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी आहे. सतत ब्रेक दाबून उतरलात तर त्यातली बरीचशी उष्णता पॅड आणि डिस्कमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

सांगलीत गाडी घेताना अजून एक : २०१९ आणि २०२१ च्या पुरात बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या. सीटखालचे बोल्ट, कार्पेटखालचा पत्रा आणि कॅलिपरच्या पिना बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

आवाज समजला नाही तर फिटरकडे जा, लाजू नका. फक्त जाताना "आवाज येतोय" एवढंच सांगू नका. "पुढचं डावं चाक, ब्रेक मारल्यावर, वीसच्या स्पीडला" असं सांगा. निम्मं काम तिथंच होतं आणि उगाच बिलही वाढत नाही.

पुढच्या भागात टायरबद्दल बोलू. तोवर, सावकाश चालवा!