वूफर बदलण्याआधी

कोकम, आंबापोळी रत्नागिरीच्या बाजारात न्यायला आमच्या गटाने जुनी व्हॅन घेतली. गाणी लागायची, पण ढोल पार बसलेला. "वूफर गेला, नवा टाका," मेकॅनिक म्हणाला. पैसे बचतीतले, म्हणून आम्ही आधी तपासलं. वूफरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. पडदा हलला, म्हणजे वूफर जिवंत! मग बॅटरीची वायर काढून अर्थिंग बघितलं. स्क्रू रंगावरच पिळलेला, त्यात आपल्या खाऱ्या हवेचा गंज. जाड आवाजाला करंट जास्त लागतो, तोच तिथे अडत होता. पत्रा खरवडला, स्क्रू आवळला, वरून ग्रीस लावलं. खर्च? पॉलिश पेपरचा. दोन वूफर असतील तर अधिक-उणे दोघांचं सारखं जोडा. नाहीतर एक ढकलतो, दुसरा ओढतो आणि ढोल पुन्हा गायब.