नाव तुमचं, चावी कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात नव्या गाडीच्या विम्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषयपत्रिकेत 'गाडीचा विमा' वाचून काही जणी हसल्या. हिंसा, पोटगी, जमिनीचा हक्क हे आपले विषय. त्यात मोटारगाडी कुठून आली? पण आपल्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांच्या घरांत आता कर्जावरच्या गाड्या आहेत. घरावर आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण वर्षानुवर्षं भांडलो. गाडी ही तशीच मालमत्ता आहे, पण एक फरक आहे. घर कुणाच्या अंगावर जात नाही, गाडी जाते. म्हणून गाडीवरचं नाव म्हणजे हक्कही आणि जबाबदारीही. त्या जबाबदारीचं ओझं कोण उचलणार, हे विम्याच्या कागदावर ठरतं.

शोरूममध्ये काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, फोटो. त्या गडबडीत कागदांचा गठ्ठा पुढे येतो, "ताई, इथे इथे सह्या करा." विम्याचा हप्ता एकूण किमतीतच धरलेला असतो. विमा शोरूममधूनच घ्यावा असं बंधन नाही, हेही कुणी सांगत नाही. तर त्या गठ्ठ्यात काय असतं ते आधी पाहू.

पहिला भाग थर्ड पार्टी विम्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तो सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने जिला इजा होते ती व्यक्ती : रस्त्याने चाललेली भाजीवाली, सायकलवरची मुलगी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना हा विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो, दुचाकीसाठी ५ वर्षांचा. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा : अपघात, चोरी, आग, पूर. हा कायद्याने सक्तीचा नाही, आणि बहुतेक वेळा १ वर्षाचाच असतो. घोटाळा इथेच होतो. "तीन वर्षांचा विमा आहे" म्हणून घरचे निर्धास्त राहतात. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली की कळतं, या भागाची मुदत केव्हाच संपली होती. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

तिसरा भाग आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा. त्याला 'मालक-चालक' अपघात विमा म्हणतात. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती मिळते. पण कुणाला? जिच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, जिच्याच नावावर पॉलिसी आहे आणि जिच्याकडे चालू लायसन्स आहे, तिलाच. या तिन्ही अटी एकाच माणसात जुळाव्या लागतात.

आता आपण कुठे बसलो आहोत ते बघा.

समजा, गाडी बाईच्या नावावर आहे. कर्जाच्या सोयीसाठी, करासाठी, कधी 'लक्ष्मीच्या नावाने' म्हणून. चालवतो मात्र नवरा, आणि तिच्याकडे लायसन्स नाही. मग मालक-चालक विमा तिला नाही, कारण ती चालक नाही. त्यालाही नाही, कारण तो मालक नाही. जबाबदारी मात्र पुरती तिची. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली आणि कुणी मेलं, तर न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि तोच पैसा मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मग तिलाच सिद्ध करावं लागतं. नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या बाईने तर आरसी बुकावर कुणाचं नाव आहे हे आधी तपासावं. गाडी तो घेऊन गेला असेल आणि नोंद तिच्या नावावर असेल, तर नोटीस तिच्या दारी येते. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पुन्हा सांगितलं आहे.

आता उलट बाजू. गाडी नवऱ्याच्या नावावर, आणि आपण शेजारच्या सीटवर, मांडीवर मूल घेऊन. फक्त कायद्यापुरता थर्ड पार्टी विमा असेल, तर खाजगी गाडीत बसलेल्या माणसांची भरपाई त्यातून मिळत नाही. पॅकेज पॉलिसीत मिळते. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केला. म्हणजे थोडे पैसे वाचवायला घरातल्या कर्त्याने स्वस्तातली पॉलिसी घेतली, तर रस्त्यावरच्या परक्या माणसाला संरक्षण आहे आणि त्याच्या बायकोला नाही. रस्त्यावरच्या माणसाला ते हवंच. पण बायकोला का नको? प्रवाशांसाठी वेगळा अपघात विमाही थोडा हप्ता भरून जोडता येतो. तो कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

गाडीत मरण पावलेल्या बाईच्या जिवाची किंमत काय, हा प्रश्न न्यायालयांसमोर वारंवार आला आहे. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी आणि कैद्यांबरोबर 'काम न करणाऱ्यां'त मोजल्या गेल्या. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कडक ताशेरे ओढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या एका गृहिणीचं प्रकरण निकाली निघालं. २००६ साली गाडीतून जाताना ती अपघातात गेली होती. लवादाने अडीच लाख रुपये दिले होते, सर्वोच्च न्यायालयाने ते ६ लाख केले. गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी धरताच येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल आपल्या बाजूचा आहे. पण त्यासाठी १८ वर्षं गेली, हे विसरू नका. आणि ती ज्या गाडीत बसली होती तिचा विमाच नव्हता, त्यामुळे भरपाईची जबाबदारी गाडीच्या मालकावर आली.

आणखी एक प्रसंग. गाडीचा मालक असलेला नवरा वारला. दिवसकार्यात कागद कोण बघणार? पण मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. पॉलिसीही मृत्यूनंतर ३ महिनेच, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच, चालू राहते. तोवर ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. २०२१ पासून आरसी बुकावरच नॉमिनीचं नाव लावता येतं. नवी गाडी घेतानाच ते लावलं, तर पुढे दीर-सासऱ्यांपुढे हात जोडायची वेळ येत नाही.

गाडीच्या किमतीबद्दलही थोडं ऐका. पॉलिसीवर 'आयडीव्ही' म्हणून एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली तर जास्तीत जास्त तेवढेच मिळतात. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे तो पहिल्या ६ महिन्यांत ५ टक्क्यांनी घटतो, दुसरं वर्ष संपेतो २० टक्क्यांनी, पाचवं संपेतो ५० टक्क्यांनी. हप्ता कमी दिसावा म्हणून हा आकडा उतरवू देऊ नका. कर्ज असेल तर ही रक्कम आधी बँकेकडे जाते, उरलं तर आपल्याकडे. दुरुस्तीतही प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. 'झीरो डेप' घेतलं असेल तरच पूर्ण.

तर मैत्रिणींनो, सही करण्याआधी पाच प्रश्न विचारायचे. आरसी बुकावर आणि पॉलिसीवर नाव कुणाचं? चालवणार कोण, आणि त्या व्यक्तीचा अपघात विमा कुठे आहे? बसणाऱ्यांना संरक्षण आहे का? कुठला भाग कोणत्या तारखेला संपतो? नॉमिनी कोण? ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी लायसन्स काढायला घ्यावं. गाडी आपली असेल तर चावीही आपल्या हातात यावी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातल्या गाडीची पॉलिसी घेऊन यायचं. दुचाकीची असली तरी चालेल. कपाटाची किल्ली कुणाकडे असते आणि कागद मागितल्यावर घरात काय उत्तर मिळतं, तेही सांगायचं. आपण ते कागद सगळ्याजणी मिळून वाचू.