कांसे : शब्द, धातू आणि नाद



ग्रंथालयाच्या शतक महोत्सवात ग्रंथांविषयी बोलावे, अशी रीत आहे. मी आज एका शब्दापुरतेच बोलण्याची आपली अनुज्ञा घेतो. तो शब्द म्हणजे 'कांसे'. इंग्रजी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांतल्या 'ब्राँझ' या शब्दाला आपण हाच प्रतिशब्द योजतो. पाठ्यपुस्तकांत, वृत्तपत्रांत आणि संग्रहालयांतील पाट्यांवर हे समीकरण इतके रुळले आहे की, त्याविषयी कुणाला शंका येत नाही. परंतु आपल्या घरातले कांसे आणि पुस्तकातले ब्राँझ यांत अंतर आहे.

प्रथम धातूंची ओळख करून घेऊ. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. तांब्यात कथील मिसळले की कांसे होते. डिचोलीची प्रसिद्ध समई पितळेची असते. ती घडवणारा कारागीर मात्र 'कासार' म्हणून ओळखला जातो आणि कासार हा शब्द 'कांस्यकार' या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. हाती पितळ आणि नावात कांसे, अशी ही गंमत आहे. धंद्यातला धातू बदलला तरी नावाने जुन्या धातूची आठवण सोडली नाही.

आता 'ब्राँझ' या शब्दाकडे वळू. त्याचा पसारा मोठा आहे. नाण्यांच्या ब्राँझमध्ये कथील अगदी थोडे असते, पुतळ्यांच्या ब्राँझमध्ये साधारणतः शेकडा दहाच्या आसपास, आणि घंटेच्या धातूत शेकडा वीस किंवा त्याहूनही अधिक. आपले परंपरागत कांसे या शेवटच्या प्रकारात मोडते. कथिलाचे प्रमाण इतके वाढले की धातू कठीण, ठिसूळ आणि नादमय होतो. तो थंड असताना ठोकता येत नाही. लाल तापवून, घाव घालून, पुन्हा तापवून त्याला आकार द्यावा लागतो. पितळेचे भांडे हातून पडले तर त्याला पोचा येतो. काशाचे भांडे तडकते. म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया काशाची वाटी जपून हाताळायला सांगत. त्या सूचनेमागे धातुशास्त्रच उभे होते.

ह्या वाटीचे उपयोगही ठरलेले होते. तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची चाल आपल्याकडे सर्वश्रुत आहे. उलटपक्षी, काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप खाऊ नये, असे 'अष्टांगहृदया'सारखा आयुर्वेदाचा ग्रंथ बजावतो. एकच धातू आणि एकच तूप, पण एक उपचार विहित आणि दुसरा निषिद्ध! हा विवेक ज्या समाजापाशी होता, त्याला कांसे आणि पितळ यांत गल्लत करणे परवडण्यासारखे नव्हते.

काशाचा खरा गुण मात्र कानांनी ओळखायचा. पेडणे आणि डिचोली महालांत चवथीच्या दिवसांत घुमट-आरती सुरू झाली की, घुमट आणि शामेळ यांच्या जोडीला कांसाळे वाजते. घुमटाला 2019 साली गोव्याचे राज्य वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला. त्याला साथ देणारे कांसाळे मात्र आपले नाव थेट धातूवरून घेऊन उभे आहे. शिगम्यात ढोल-ताशांबरोबर तेच असते. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत रात्ररात्र रंगणाऱ्या दशावतारात झांज वाजते, तीही याच कुळातली. आणि देवळातली घंटा तर आपण सारेच वाजवतो.

घंटेच्या धातूला धर्मभेदही अडवू शकला नाही. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळचे मेणवली अशा ठिकाणी त्या आजही पाहावयास मिळतात. इकडे जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलची मोठी घंटा 'सोन्याची घंटा' म्हणून विख्यात आहे. तिला हे नाव मिळाले ते तिच्या नादामुळे.

नादाकडून नाण्याकडे आलो की शब्द निराळेच वागू लागतो. ब्रिटिश हिंदुस्थानातला पाव आण्याचा पैसा 1906 पासून ब्राँझचा झाला, तरी लोक त्याला तांब्याचाच म्हणत राहिले. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत गोव्यात चाललेली 10 सेंताव्होंची नाणीही ब्राँझचीच होती. त्यांना काशाची नाणी म्हणणे कुणाच्या मनात आले नसते, कारण त्यांत काशाचा रंग नव्हता आणि नादही नव्हता. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातला कवी कामोंइश यांचा भव्य पुतळा ब्राँझचा आहे. त्यालाही आपण 'काशाचा पुतळा' म्हणत नाही.

पुराणवस्तूंच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दायमाबाद येथे 1974 साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव शिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. 'दायमाबादची ब्राँझ शिल्पे' म्हणून ती जगभर गाजली. परंतु रासायनिक परीक्षणात त्यांतील तांब्यात आर्सेनिकचे प्रमाण लक्षणीय आढळले आणि त्यावरून त्यांच्या काळाविषयी वाद झाला. अशा वस्तूला डोळे मिटून 'कांस्य' म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर आजीची वाटी येईल आणि अभ्यासाची दिशाच चुकेल.

तरीही शब्दाला नवे आयुष्य मिळते, हेही मान्य केले पाहिजे. 1952 साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत पदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 2024 साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत तोच मान मिळवला. या दोघांच्या पराक्रमाने 'कांस्यपदक' हा शब्द घराघरांत पोहोचला. आजचे मूल 'कांस्य' हा शब्द प्रथम ऐकते ते क्रीडावृत्तात. त्याच्या घरात काशाची वाटी असेलच असे नाही. असली तर ती पितळेची म्हणून अडगळीत पडलेली असते, किंवा मोडीत निघते.

बंधुभगिनींनो, माझी चिंता इथे आहे. वस्तू मोडीत गेली तर तिचे वजन करून पैसे मिळतात; तिच्यासोबत गेलेल्या शब्दांचे काहीच मिळत नाही. मूस, साचा, भाता, कल्हई, ओतणे, घडवणे या प्रत्येक शब्दामागे हाताचे एक कौशल्य आहे. डिचोलीच्या कारागिरांच्या तोंडी याहून कितीतरी अधिक शब्द असतील, आणि ते सारे छापील कोशांत सापडतील असे मानण्याचे कारण नाही. कांसाळे निवडताना नाद कसा पारखतात, हे आरतीमंडळातल्या जाणत्यांना ठाऊक असते. पुस्तकात ते क्वचितच लिहिलेले असते.

म्हणून या वाचनालयाला माझी एक नम्र विनंती आहे. शंभर वर्षे आपण छापलेले शब्द जपलेत. आता एक वही न छापलेल्या शब्दांसाठी उघडावी. सभासदांनी आपापल्या वाड्यावरच्या कासाराकडे, देवळातल्या वाजंत्र्याकडे, घरातल्या आजीकडे जावे. शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोणत्या गावी ऐकला, एवढे तीन रकाने भरावेत. यासाठी इमारत नको, मोठा निधी नको. आश्रयदात्यांनी मनावर घेतले, तर पुढेमागे त्या वहीचे पुस्तकही होईल आणि ते याच कपाटात येऊन बसेल.