बेटावरचे चार तास



बेटाबेटांवर थांबत जाणाऱ्या क्रूझ जहाजांविषयी बोला, असे चालकांनी सांगितले तेव्हा आम्हांला हसूच आले. तसले तिकीट आम्ही कधी काढलेले नाही. आमचा संबंध येतो तो जहाजाच्या पोटात राबणाऱ्या माणसांशी. रत्नागिरीकडचा एक पोरगा, प्रवाशांच्या खोल्या झाडणारा, पगाराच्या तक्रारीसाठी आमच्या कचेरीत आला होता. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटापाशी त्याचे जहाज वीस-पंचवीस वेळा थांबले. तो उतरला दोनदा, तेही घरी फोन करायला. "बेट कसे आहे रे?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "काका, लांबून बरे दिसते."

त्या बेटाची हकीकत आपल्याला परकी वाटू नये. तेथले पुरुष पूर्वी कासवे धरीत, गलबते बांधीत. पुढे दुसऱ्यांच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आणि घरी पैसे धाडीत. मागे राहिलेल्या बायका ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांचे दोर वळीत आणि ते दुकानात देऊन वाणसामान आणीत. सुंभ वळणारे हात कोकणाने पाहिलेले आहेत. आज तो दोर प्रवाशांना दाखवण्याची वस्तू झाला आहे.

जहाज सकाळी येते, दुपार कलली की निघते. तेवढ्यात सेव्हन माइल बीचची वाळू, पोवळ्यांच्या खडकांवर पोहणे आणि नॉर्थ साउंडमधले पाकट, एवढे उरकायचे. कोळी तेथे मासळी साफ करून आतडी पाण्यात टाकीत. त्यावर पाकट जमले, माणसांना सरावले. आता प्रवासी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांना कुरवाळतात. आपला कोळी पाकट दिसले की आधी शेपटीकडे बघतो, ते सोडा! इकडे बोटीवरच्या कामगाराला सात दिवसांत ७२ तासांपर्यंत राबवता येते, आणि ही मर्यादासुद्धा २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने घातलेली. मालक एका देशाचा, झेंडा बहामाचा किंवा पनामाचा, कामगार तिसरीकडचाच. दाद मागायची कोणाकडे?

आता मुख्य मुद्दा. जॉर्ज टाउन बंदरात क्रूझ जहाजांसाठी धक्का नाही. जहाजे बाहेर नांगर टाकतात, उतारू लाँचने किनाऱ्यावर येतात. नव्या अजस्र जहाजांना ही दगदग नको, त्यांना धक्का हवा. तो बांधायचा तर समुद्राचा तळ खोदावा लागणार, आणि तेथेच पोवळ्यांचे खडक आहेत. खरे सांगतो, पहिल्याने आम्ही धक्क्याच्या बाजूचे होतो. धक्का म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे हमालाची मजुरी उभी राहते. तेथल्या टॅक्सीवाल्यांचे म्हणणेही तेच होते. आणि त्यांच्या चुली उतारूंवर चालतात, तेव्हा त्यांना नावे ठेवणे आम्हांला जमणार नाही.

पण पोवळे म्हणजे दगड नव्हे. बारीक जीव चुन्याचे घर बांधीत जातात. मोठा गोल खडक वर्षाला सेंटिमीटरभर वाढला तरी पुष्कळ. खोदकामाचा गाळ वर बसला की उजेड अडतो आणि जीव मरतात. खडक मेला की बुडी मारायला कोण येणार? लाँचवाला, बुडी शिकवणारा, पाकट दाखवणारा, यांची मजुरीही त्याच खडकावर उभी आहे. हा हिशेब आम्ही उशिरा मांडला.

बेटावरच्या लोकांनी तो आधीच मांडला होता. २०१९ साली त्यांनी सह्या गोळा करून सार्वमताची मागणी केली. पुढे ती योजना बारगळली, पण प्रश्न परत आला. ३० एप्रिल २०२५ रोजी निवडणुकीबरोबरच लोकांचा कौल घेतला गेला आणि बहुमताने धक्का नाकारला.

मतदानाची ही हकीकत आम्ही त्या पोराला सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, त्यांना निदान विचारले तरी." त्याच्या पगाराचा तंटा अजून मिटलेला नाही.