सामायिक घराची शाकारणी



मृग जवळ आला की कणकवलीच्या आसपास घरे शाकारण्याची धांदल उडते. फुटकी कौले बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, वाळवीने पोखरलेला वासा उतरवायचा. ही कामे पुष्कळजण स्वतःच्या हाताने करतात, आणि त्यांत कमीपणा कसला?

पण बहुतेक घरांची अडचण कसबाची नसते, नावांची असते. घर आजोबांचे, वारस वीस. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, लेकी सासरी. गावचा भाऊ छपरावर चढला की मुंबईकरांना वाटते, "हो घर गिळतलो!" आणि त्याला वाटते, "सगळ्यांच्या घरासाठी मी एकट्यानेच का मरायचे?" या ओढाताणीत पाऊस काही थांबत नाही. आढे खचते, भिंत बसते आणि वाटणीला उरतो तो चौथरा!

हे भय बरेचसे निराधार आहे. दुरुस्ती केल्याने, घरपट्टी भरल्याने किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी नाव लागल्याने इतरांचा हिस्सा बुडत नाही. एका हिस्सेदाराचा कबजा सर्वांच्या वतीने आहे, असेच न्यायालये सामान्यतः धरतात. वारसांत बहिणीही आल्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना बापाच्या मिळकतीत वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत त्या जन्मतःच भावांच्या बरोबरीच्या झाल्या. तेव्हा विचारताना त्यांना वगळू नका.

मात्र डागडुजी वेगळी आणि बदल वेगळा. गळते छप्पर इतरांना कळवून कोणीही शाकारावे. पडवी पाडून सिमेंटची खोली बांधणे किंवा माजघरात भिंत घालणे, हे सर्वांच्या लेखी संमतीशिवाय करू नये. एखादा हिस्सेदार कोर्टातून मनाई हुकूम आणील.

यावर उपाय साधा आहे. चवथीला सारे घरी जमतात. ओटीवर बसून एक वही घाला. काम कोणते, खर्च किती, कोणी किती द्यायचे, ते लिहा. "या खर्चाने कोणाचाही हिस्सा कमी-जास्त होणार नाही" असे लिहून सर्वांच्या सह्या घ्या. गावच्या गुरुजींनी हा मजकूर लिहून द्यावा. मोठेच काम होईल. कौलांची पावती मिळते, घामाची मिळत नाही. म्हणून स्वतः राबलेले दिवसही वहीत मांडा. पुढे वाटणी झालीच, तर जरुरीच्या दुरुस्तीचा खर्च हिशेबात मागता येतो. पण त्याला पुरावा लागतो.

वाटण्या सावकाश होतील. छप्पर मात्र मृगापूर्वीच शाकारले पाहिजे.